आयुष्यभराचं तेल

आमच्या शेजारच्या सुधाकर भावजींनी एकदा मोटारीचा ताप बघितला. खोटं नाही सांगत. घरातलाच, काखेत धरायचा थर्मामीटर. गाडीच्या पोटातून गळणारं तेल वाटीत धरून त्यात बुडवला.

पडवीत खाटेवर पडलेली त्यांची बायको, माझी मैत्रीण कुमुद, म्हणाली, "मला ताप होता तेव्हा इतक्यांदा बघितला नव्हतात हो!"

"तुला डॉक्टर आहे," भावजी गाडीखालून म्हणाले. "हिला कोण आहे?"

असा माणूस. पोफळीच्या वीजघरात सगळी नोकरी यंत्रांपाशी काढली, निवृत्त झाल्यावर इथे शिरगावात आमच्या दगडी गडग्याला लागून घर बांधलं. मन मात्र अजून तिथेच, डोंगराच्या पोटात. आमटी खारट झाली तरी म्हणणार, "पोफळीला हे चाललं नसतं!" घरातल्या पंख्यावर, पंपावर, शिवणयंत्रावर शेवटचं तेल कधी दिलं ती तारीख रंगवलेली. देवघरातली घंटा तेवढी कुमुदने वाचवली.

गाडी त्यांनी जुनी घेतली होती, आपोआप गिअर पडणारी, कारण डावा गुडघा क्लच दाबायला तयार नव्हता. हल्ली ती गिअर बदलताना झटका द्यायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, "काका, हा गिअरबॉक्स सीलबंद. तेल बघायची काडीसुद्धा नसते. आयुष्यभराचं तेल घालूनच येतो."

भावजी तणतणत माझ्याकडे आले. "कुणाचं आयुष्य, म्हटलं. तर पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे गेला!"

मी हसले. मग हसू आवरलं. कुमुदचा कॅन्सर हाडांत उतरला होता. दर मंगळवारी तिला शहरात इस्पितळात न्यायचं, सोबतीला मी. गाडीने झटका दिला की तिच्या मणक्यातून कळ जायची. ओरडायची नाही ती, फक्त माझं मनगट आवळायची. भावजी पुढच्या आरशात सगळं बघायचे.

"रस्त्यातले खड्डे माझ्या हातात नाहीत वहिनी," एकदा म्हणाले. "गिअर आहे."

म्हणून स्वतःच गाडीखाली शिरले. जुनं तेल निघालं ते करपलेल्या काकवीसारखं. नवीन घातलं. काडी नाही, तर तेल पुरेसं झालं हे कळायचं कसं? गाडी सपाटीवर हवी, इंजिन चालू हवं, आणि तेलाला चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास ताप. मग खालचं छोटं बूच काढायचं. थेंब थेंब गळलं की माप बरोबर. भावजींनी सगळं केलं, पण आपल्या अंगणात. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून कोकणात अंगणाला उतार ठेवतात, आणि तो उतार त्यांनी स्वतः उभं राहून गवंड्याकडून काढून घेतला होता! गाडी कलती, माप खोटं, तेल कमी पडलं. त्या मंगळवारी चढावर गाडीने अशी उडी घेतली की कुमुद पहिल्यांदा ओरडली.

दोन दिवस भावजी जेवले नाहीत. गडग्यापाशी येऊन "पोफळीला..." म्हणाले, आणि तसेच परत फिरले.

तिसऱ्या दिवशी गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणली. चारही चाकांखाली जांभ्याचे चिरे रचून गाडी अगदी समतल केली आणि आणखी तेल घातलं. थर्मामीटरचा प्रसंग त्याच दिवशीचा. मला चालकाच्या जागेवर बसवलं. ब्रेक दाबून धरायचा आणि सांगतील तसा गिअरचा दांडा हळूहळू पुढेमागे करायचा.

"वहिनी, ब्रेकवरचा पाय हलवू नका. खाली मी आहे."

सत्तरीला टेकलेली मी, सायकलसुद्धा कधी चालवली नाही. रामरक्षा सुरू केली.

"मनात म्हणा हो! इंजिन ऐकू येत नाही!"

शेवटी धार बारीक झाली, थेंबांवर आली. भावजींनी बूच घट्ट केलं आणि भुवईला तेल फासलेले बाहेर आले. थर्मामीटर पुसायला लागले.

"तो आता माझ्या काखेत नको," कुमुद म्हणाली.

पुढच्या मंगळवारी इस्पितळातून परत येताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गिअर कधी पडत होते, कळतसुद्धा नव्हतं. शहर मागे पडलं तशी माझ्या मनगटावरची तिची पकड सैल झाली. मग ती बारीक घोरायला लागली. कितीतरी महिन्यांत तिला सलग तासभर झोप नव्हती.

आमचं वळण आलं. गाडी वळली नाही.

"भावजी, घर मागे राहिलं."

"झोपल्ये ती," ते हळू म्हणाले. "थांबलो तर जागी होईल."

आरे-वाऱ्याचा समुद्र आला, गेला. गणपतीपुळ्याला न थांबताच त्यांनी गाडी फिरवली आणि त्याच संथ चालीने परत आणली. घर दिसायला लागलं. त्यांनी आरशात बघितलं. कुमुदचं तोंड किंचित उघडं होतं, लहान मुलीसारखं.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "तुमचा स्वयंपाक खोळंबलाय का?"

"नाही हो," मी म्हटलं.

घर पुन्हा मागे गेलं.