तेरा घरांची राख

नळीतून पडणाऱ्या धारेखाली कुंझेसनं चहाची किटली धरली आणि घड्याळ पाहिलं. किटली भरायला सव्वादोन मिनिटं लागली. काल दोन मिनिटं पाच सेकंद लागली होती. नळीच्या तोंडाशी नखाएवढी पांढरी कडा जमली होती. ती तिनं नखानंच खरवडून काढली.

"पुढच्या सोमवारी या भिंतीवर बारा मुली लटकलेल्या असतील!" तिनं किटलीला बजावलं. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

भिंत बर्फाची होती. छुमदो गावामागच्या कड्यावरून डिसेंबरपासून पाणी सोडून सोडून कुंझेसनं ती गोठवली होती. उंची तीस फूट, रुंदी दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढी. त्याच्या आठ दिवस आधी, येत्या रविवारी, लेहहून गिर्यारोहण शिकवणारे जिग्मेत सर येऊन ती चढून बघणार होते. पसंत पडली, तर मुलींचं बर्फ चढण्याचं शिबिर छुमदोत आणि शिकवणारी कुंझेस. नाही पडली, तर शिबिर नदीपलीकडच्या गावात आणि कुंझेस पुन्हा लेहच्या दुकानात लोकरी टोप्या विकायला!

अडचण पाण्याची होती. झऱ्याच्या या करंगळीएवढ्या धारेऐवजी मोठ्या पाटाचं पाणी मिळतं, तर भिंत आठवड्यात दुप्पट जाड झाली असती. पण गावच्या पाण्याची वाटणी छुरपोन ठरवतो आणि छुमदोचे छुरपोन होते मेमे, म्हणजे आजोबा, लुंडुप. वय एक्याऐंशी, कानानं तीक्ष्ण, जिभेनं मंद. ऑक्टोबरपासून कुंझेस एक्केचाळीस वेळा त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसली होती. एक्केचाळीस वेळा त्यांनी तिला लोण्याचा चहा पाजला आणि म्हटलं, "बघू."

"बघू म्हणजे कधी, मेमे-ले?"

"पाण्याचं घाईनं ठरवायचं नसतं, पोरी. माझ्या आधीच्या छुरपोननं एका पाटाचा विचार नऊ वर्षं केला."

"मग काय ठरवलं?"

"वारले."

शुक्रवारी कुंझेस दोर आणायला लेहला निघाली. जाताना आईला सांगून गेली, "आमा, भिंतीकडे लक्ष ठेव. पाहुणे येणार आहेत, काही कमी पडायला नको."

इथेच ती चुकली. तिच्या आईला 'काही कमी पडायला नको' असं सांगणं म्हणजे याकचा दोर मोकळा सोडून देणं!

शनिवारी दुपारी वळण ओलांडून कुंझेसनं कड्याकडे पाहिलं आणि हातातलं दोराचं वेटोळं बर्फात पडलं. भिंत काळी होती! वरपासून खालपर्यंत, म्हातारीच्या चुलीमागच्या भिंतीसारखी काळी! पायथ्याशी आमा आणि गावातल्या सहा-सात बाया रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. वाऱ्यानं निम्मी राख परत त्यांच्याच तोंडावर आली होती. फक्त दात तेवढे ओळखू येत होते.

"आलीस? बघ!" आमाचे दात म्हणाले. "तेरा घरांच्या शेगड्यांची, बुखाऱ्यांची राख! कालपासून कुणी बाहेर टाकली नाही."

"आमा, हे काय केलंस?"

"अगं, परक्या घरच्या बारा मुली. घसरल्या म्हणजे? झऱ्याच्या वाटेवर नाही का आपण राख टाकत?"

"आणि शेतात राख कशाला टाकतो?"

"शेतात? बर्फ लवकर वितळावं म्हणून."

"आणि इथे?"

"इथे घसरू नये म्ह..." आमा थांबली. टोपल्या हळूहळू पाठीमागे गेल्या. भिंतीवरून टपटप आवाज स्पष्ट ऐकू आला.

"पायऱ्याही खणल्यात खाली," एक बाई चाचरत म्हणाली. "चारच. वरच्या तुझे सर खणतील म्हटलं."

कुंझेसनं डोळे मिटले आणि दहापर्यंत आकडे मोजले. या कड्यावर ऊन दुपारचे जेमतेम दोन तास यायचं, पण काळ्या रंगाला तेवढं पुरे होतं. राख धुवायची तर गार पाणी लागेल तिथेच गोठणार आणि गरम पाण्यानं उरलीसुरली भिंत जाणार. उन्हाला भिंतीपासून लांब ठेवणं एवढाच उपाय उरला होता.

"पांढरं काय आहे घरात?"

"पीठ?" आमा म्हणाली.

"चादरी! पांढऱ्या चादरी आणा, सगळ्यांच्या!"

अर्ध्या तासात तेरा घरांच्या चादरी आल्या. मेमे लुंडुप यांच्याकडचीही आली, पण ती त्यांच्या सुनेनं परस्पर दिली. मेमेंना विचारलं असतं तर ती पुढच्या हिवाळ्यात आली असती. कुंझेसनं वरून दोर सोडला आणि एकेक चादर खाली सोडत भिंत झाकली. टपटप थांबली. बायांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी चादरी काढायला गेल्यावर कळलं, की त्या निघत नव्हत्या. ओल्या भिंतीवर ओली चादर आणि वर उणे वीसची रात्र! कुंझेसनं ओढलं, आमानं कुंझेसला ओढलं, बायांनी आमाला ओढलं. तासाभरानं एका उशीच्या अभ्र्याचा कोपरा तेवढा हाती आला.

दुपारी एक वाजता जिग्मेत सर आले. मेमेंसकट सारं गाव पायथ्याशी जमलं होतं. त्यांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं.

"ही भिंत?"

"हो सर," कुंझेस ठामपणे म्हणाली. "चढून बघा."

सरांनी बर्फ चढायची कुऱ्हाड मारली, ती आमाच्या कमळं भरलेल्या चादरीतून आरपार गेली. "सावकाश हो!" खालून आमा ओरडली, "लग्नातली आहे!" सर वर पोचले, दोराला लटकत खाली आले आणि मिशीवरची राख झटकून म्हणाले, "अठरा वर्षं बर्फ चढतोय. वाळत घातलेलं धुणं आज पहिल्यांदा चढलो."

"जागा उत्तम आहे, कुंझेस. बर्फ पातळ आहे. आठवडाभर भरपूर पाणी मिळालं, तर यावर नवा जाड थर बसेल. पाणी आहे? नसेल तर आजच पलीकडच्या गावाला कळवतो."

सगळ्या माना मेमेंकडे वळल्या, पण मेमे जागेवर नव्हते. ते खाली बांधावर उकिडवे बसले होते. चादरींच्या फटींतून ऊन लागून वितळलेलं राखाडी पाणी कड्याच्या पायथ्यावरून जुन्या कोरड्या पाटात उतरलं होतं आणि वळसा घेऊन थेट जवाच्या शेताकडे निघालं होतं. मेमेंनी त्यात मोजायची काठी रोवली होती.

कुंझेस धावत खाली गेली. "मेमे-ले, बारा मुली येतील, घरोघरी राहतील, आपल्या गावाचं नाव..."

"गप्प बस जरा. हे पाणी तुझ्या भिंतीचं?"

"हो."

"पेरणीला पाणी नसतं, वरचं हिम जूनशिवाय उतरत नाही. दर वर्षी डोकी फुटतात," मेमे काठीकडे बघत म्हणाले. "आणि भिंत जाड असली, तर ती मेपर्यंत अशीच गळत राहील?"

"राहील, पण मी म्हणत होते की त्या मुली..."

"एक्केचाळीस वेळा आलीस. मुली, दोर, लेह, नाव, सगळं बोललीस. जवाचं एकदा तरी बोललीस?"

भिंत म्हणजे साठवलेलं पाणी, हे कुंझेसला कधी सुचलंच नव्हतं. भौतिकशास्त्रात ती जिल्ह्यात पहिली आली होती!

मेमेंनी काठी उपटली, गुडघ्यावर हात टेकत ते उठले, आणि वर बायकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मोठा पाट आजपासून कड्याला!"