गुडघ्याखालचा खिसा

मेहुण्याने पाठवलेला मेसेज वाचून संपला आणि शिंपीकाकांच्या छातीत डावीकडे धडधडू लागलं. मोबाइलच्या किरणांनी हृदयाची वाट लागते, असं त्यात लिहिलं होतं. आता हे त्यांनी वाचलं कशावर? मोबाइलवरच. आणि वाचून झाल्यावर तो ठेवला कुठे? सवयीने, डाव्या खिशात.

डॉक्टरांनी तपासलं आणि तसं काही अजून सिद्ध झालेलं नाही, असं सांगितलं. काका त्यातला तेवढा 'अजून' घेऊन घरी आले. त्यांनी फोन बटणांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबला, झाकण घट्ट लावलं आणि डबा माळ्यावर टाकला.

"अहो, फोन आला तर कळणार कसं?" काजं करता करता काकूंनी विचारलं.

"फोनचं राहू दे. इथे छाती वाजतेय, तिचं बघ आधी."

इथवर ठीक होतं. पण मशीनवर कारखान्याच्या पहारेकऱ्यांचे गणवेश होते. हे काम पसंत पडलं तर वर्षभराचं शिवणकाम, नाही तर दुकानाला कुलूप, हे काकू उठता-बसता ऐकवत होत्या. आणि प्रत्येक शर्टाला खिसा होता, नेमका डावीकडे. इतक्या जणांच्या हृदयांचं पाप आपल्या माथी घ्यायचं? काकांना घास गोड लागेना. शेवटी त्यांनी शर्टांना खिसे लावलेच नाहीत. पँटच्या पायावर, गुडघ्याखाली, झडपेचा सुरेख खिसा शिवून दिला. काकूंना कळलं तोवर गठ्ठा कारखान्यात पोचला होता.

मग कारखान्याचा सुपरवायझर स्वतःच दुकानात उगवला. फोन करून करून त्याचं बोट दुखलं होतं म्हणे. फोन वाजला की पहारेकरी वाकतो, फाटकाकडे कुणाचं लक्ष राहत नाही, मालक गावाहून परतायच्या आत खिसे वर घ्या, असं बडबडत त्याने काकांना ओढतच नेलं.

ते फाटकाशी पोचले आणि मालकांची गाडीही आली. गाडीतूनच फाटकावर फोन करायची मालकांची सवय. पहारेकऱ्यांचे फोन कारखान्यानेच दिलेले, त्यामुळे वाजायचेही सारखेच. कुणाचा वाजतोय ते न कळून सगळे एकदम कमरेत वाकले. सुपरवायझरने डोळे मिटून घेतले.

मालक काच खाली करून बघतच राहिले. "इतकी वर्षं झाली, कुणी साधी मान लववली नाही. हे कुणी जमवलं?"

वर्षभराचं काम तिथेच ठरलं. शिवाय स्वतःसाठी एक कोट. "पण माझा खिसा छातीवर पाहिजे, डावीकडे," मालकांनी बजावलं. "मी कुणापुढे वाकत नाही."

काकूंनी आनंदाने साखर वाटली. काका मात्र पडलेल्या चेहऱ्याने कोटाच्या खिशामागे कॅनव्हासचे थरावर थर लावत बसले.

"अहो, खिसा आहे की गादी?"

"गप बस," काका सुईत दोरा ओवत म्हणाले. "आपलं सगळं दुकान आता त्याच्यामागे धडधडतंय."