सात दहाचा आवाज

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचा बसायला आठवडा लागला, आणि मी तर थापांवरच पोसलेला माणूस. चहा होतोय, तोवर ऐका.

आमच्या ओळखीत एक कानवाला होता. कमी ऐकू येणाऱ्यांना कानात बसवायची यंत्रं विकायचा आणि दुरुस्त करायचा, म्हणून कानवाला. यंत्र गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तो ते स्वतःच्या मोबाइलला जोडून, त्यावर गाणी वाजवून बघे. हल्लीच्या यंत्रांना वायरबियर नसते. मोबाइलमधलं गाणं थेट कानात. तपासून झालं की मोबाइलमधली जोडणी पुसायची आणि मगच डबी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. हा नियम त्याने कधी मोडला नव्हता.

मोडला तो सरांमुळे. सर कानवाल्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेलं, आता विवेक मंडळाचे अध्यक्ष. भूत, भविष्य, अंतर्मनाचा कौल, असलं काही कुणी काढलं की सर त्याला सोलून वाळत घालत. यंत्र घ्यायला दुकानात आले ते तिथंही सुरू झाले.

"लोकांना म्हणे आतला आवाज ऐकू येतो! आत काय लाउडस्पीकर बसवलाय? मेंदूचे खेळ आहेत सगळे."

"बरोबर आहे सर."

"नुसतं बरोबर आहे म्हणू नका. का बरोबर आहे ते सांगा."

पाऊण तास बिचारा ते का बरोबर आहे हे सांगत राहिला, आणि त्या गडबडीत जोडणी पुसायची राहिली.

आता कानवाल्याचं एक गुपित. चारचौघांत तो शास्त्रीय संगीताशिवाय दुसरं काही कानाला लावून घेत नसे. पण रोज सकाळी सात दहाला न्हाणीघराचं दार लावून दाढी करताना तो कॉलेजच्या पोरींचं एक गाणं लावी: 'कॉल कर ना रे, कॉल कर, रुसवा सारा डिलीट कर.' ते ऐकून पन्नाशीच्या त्या बाप्याचे डोळे भरून येत. याची त्याला इतकी लाज वाटे की नळ मोठा सोडून ठेवी.

दुसऱ्या दिवशी त्याने गाणं लावलं, तर मोबाइल मुका. आवाज वाढवला, तरी मुका. शेवटच्या टोकापर्यंत वाढवला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. असं सहा वेळा. दुकानात नेल्यावर तोच मोबाइल खणखणीत वाजला. आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला यावरून काय सुचावं? सुचलं भलतंच. बिघाड आपल्यातच आहे म्हणून त्याने गुपचूप स्वतःचे कान तपासले. कान ठणठणीत निघाले, तेव्हा डोकं बिघडलं असं त्याने ठरवलं आणि शरमेने तोंड मिटून घेतलं. सवयीने रोज सात दहाला गाणं मात्र लावून बघे.

वर सर वर्तमानपत्र उघडून बसले होते. त्यांच्या मेंदूच्या मधोमध एक पोरगी ओरडली, "कॉल कर ना रे, कॉल कर!" सहा वेळा, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. सरांनी खिडकी उघडली. रस्ता शांत. यंत्र काढलं तर आवाज बंद. पण यंत्र काढलं की त्यांना शेजारी बसून ओरडलेलंही ऐकू येत नसे, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होईना.

चार सकाळी त्यांनी सोसल्या. पाचव्या दिवशी सुनेला खोलीत बोलावून दार लावलं. सून समुपदेशक होती.

"हे बाहेर जाता कामा नये," सर म्हणाले. "मला गाणं ऐकू येतं. आणि गाणं अत्यंत भिकार आहे."

सुनेने शब्द विचारले. सरांनी मान खाली घालून सांगितले.

"बाबा, तुमचा कुणाला फोन करायचा राहिलाय का?"

धाकट्या भावाशी सर अकरा वर्षं बोलले नव्हते. भावाने तरुणपणी स्वतःची गाणी कॅसेटवर भरून ठेवली होती. ते खोकं सरांकडे होतं, ते नाहीसं झालं. "छत गळलं, भिजून गेलं," असं सर म्हणाले होते. भावाला ते पटलं नव्हतं.

सरांनी फोन केला. दोन दिवसांनी धाकटा बॅग घेऊन दारात हजर. आणि गुपित सुनेने पाळलं हो, पण धुणंभांडीवाल्या बाईला दाराआडून ऐकू आलंच होतं. सात दहाला सरांपुढे शेजारणी येऊन बसू लागल्या. एकीला मुलाचं लग्न विचारायचं होतं, दुसरीला गुडघा. सर ओरडत, "हे शास्त्र नाही, निघा!" त्या म्हणत, "बघा, कसं तेज आलंय."

अशात एका संध्याकाळी सगळी मंडळी जमलेली असताना सरांच्या कानात बाईचा कडक आवाज आला. "जनाची नाही तर मनाची तरी लाज आहे का? खोटं किती दिवस पचवणार? स्वतःच्या तोंडाने कबूल करा, नाहीतर मी सगळ्यांना सांगते!" लगेच पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

झालं होतं असं, की कानवाला मेहुणीच्या चष्म्यावर बसला होता आणि तो मोडका चष्मा त्याने गादीखाली सरकवला होता. त्यावर त्याच्या बायकोने बहिणीच्या घरून ध्वनिसंदेश पाठवला होता. कानवाला खाली तो पुन्हा पुन्हा दाबत होता, कारण त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

सर उभे राहिले. "छत गळलं नव्हतं," ते भावाला म्हणाले. "खोकं मी भंगारात दिलं. कपाटात जागा हवी होती मला. माझ्या वह्यांसाठी."

धाकटा म्हणाला, "दादा, गाणी फार वाईट होती रे. पण तू कबूल करायला अकरा वर्षं लावलीस." आणि दोघे म्हातारे शेजारणींसमोर रडले.

दुसऱ्या दिवशी सर आपणहून कानवाल्याकडे आले आणि त्यांनी त्या आवाजाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ऐकता ऐकता कानवाल्याचे कान असे तापले की त्यावर पापड भाजावेत. बायकोचे शब्द नवरा ओळखणार नाही होय?

"चाळीस वर्षं मी लोकांना मूर्ख म्हणत आलो," सर म्हणाले. "रविवारी मंडळाच्या सभेत उभा राहून सांगणार आहे, मी चुकलो. अध्यक्षपद सोडतो."

"सर, घाई नका करू. यंत्राचंही काही असू शकतं..."

"यंत्र?" सर हसले. "यंत्राला माझं पाप कसं कळणार?"

सर गेल्यावर कानवाल्याने आधी जोडणी पुसली. परिणाम काय? सकाळी सात दहाला सरांच्या कानात शांतता. सर सुनेला म्हणाले, "काम झालं त्याचं. गेला तो." जी काही शंका उरली होती तीही फिटली.

(ठेव तो चहा इथंच. आणि उभी का? बस, तूही ऐक.)

तर रविवारी सभागृह खच्चून भरलेलं. सर व्यासपीठावर चढले, माइक हातात घेतला. इतक्यात कानवाला धापा टाकत आत शिरला. "थांबा सर! आवाज माझ्या मोबाइलचा होता! गाणं मी ऐकायचो, दाढी करताना! शिव्या माझ्या बायकोच्या होत्या!" सरांनी खाली येऊन त्याला मिठी मारली आणि म्हणाले, "सत्य सांगायला ही अशी छाती..."

"कुठली छाती?" चहाची कपबशी आपटत ही म्हणाली. "त्या रविवारी दिवसभर डोक्यावर पांघरूण घेऊन पडला होतात तुम्ही! सर एकटेच सभेत गेले, अध्यक्षपदाची खुर्ची सोडून आले, आणि अजून जिन्यात भेटले की तुमचे आभार मानतात!"