पुसू नका

गव्हाणे सरांसमोर कुणी काही पुसायला घेतलं, की सर धावत यायचे. टेबल असो, कपाट असो, नाहीतर स्वतःचं नाक. "पुसू नका. पुसलं की झिजलंच."

अंबाजोगाईच्या कॉलेजात सरांचा जन्म झिजण्यातच गेला म्हणा ना. लोखंडावर केसाहूनही कितीतरी पातळ मुलामा चढवायचा, तो घासायचा आणि किती झिजला ते सूक्ष्मदर्शकाच्या सुईनं चाचपायचं. यंत्र लई नाजूक. जरा धक्का लागला की सुई काढते ते पडद्यावरचं चित्र बिघडलं. म्हणून सरांनी ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून तिच्यावर शहाबादी फरशी आणि फरशीवर यंत्र ठेवलं होतं. पाहुणे हसायचे. सर म्हणायचे, "हसा, पन हळू. चित्र हालतंय."

आणि एवढ्या जपणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या चष्म्यावर ओरखडेच ओरखडे! एकदा खुंटीवरच्या कोटाला प्राचार्य समजून नमस्कार केला. "नवा घ्या की सर," म्हटलं, तर म्हणायचे, "चालतंय की."

मी सरांची विद्यार्थिनी, नांदूरघाटची. आईबाप ऊसतोडीला जाऊन मला शिकवत होते. प्रबंध द्यायला दहा दिवस उरले होते. शेवटचा नमुना आठ दिवस घासून तयार होता. त्यावर धूळ दिसली आणि मी ओढणीनं पुसून टाकली. घरची सवय, दुसरं काय. मग सरांचं "पुसू नका" आठवलं आणि धावत त्यांच्याकडे गेले.

"सर, समदं गेलं," मी रडत सांगितलं.

सरांनी पडद्यावर ओरखडे बघितले. "ओढणीनं?"

मी मान हलवली. सर रागावलेच नाहीत. त्यांनी चष्म्याची एक काच सोडवून सुईखाली ठेवली. पडद्यावर तसेच ओरखडे उमटले.

"ह्ये आमच्या मंडळीच्या पदराचे. रोज सकाळी माझा चष्मा पुसायची. मी रोज वरडायचो, मुलामा जातोय म्हनून. ती गेल्यापासून कुनी पुसत न्हाई." मग म्हणाले, "चल, नवा नमुना लाव. आठ दिवस लागतील, दहा हायेत."

त्या आठ दिवसांत सर रस्त्यावर उभे राहून उसाच्या ट्रॉल्या अडवायचे. "हळू ने बे, आत पोरीचं चित्र चाललंय." त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

पदवी मिळाली त्या दिवशी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले. सरांच्या चष्म्यावर धूळ बसली होती. मी ओढणीचं टोक पुढे केलं. सरांनी चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला.

"हळू पूस," एवढंच म्हणाले.