सटवाजी तात्यांनी सुई घेतली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. वाचणारास आयुष्य, ऐकणारास आरोग्य, आणि फुंकणाराचा दम सदैव शाबूत असो. शके १९४३, प्लवनाम संवत्सरे, श्रावणमासी महामारीचा दुसरा तडाखा ओसरला आणि सरकारचा हुकूम जाहला की, लग्ने मोकळ्या मैदानी करावी, वाजंत्रीस मुभा आहे. ते समयी नदीकाठच्या एका पेठेत बँडबाजाची एक लहानशी दौलत नांदत होती, तीत पुढे काय वर्तले ते लिहितो.

दौलत ती केवढी? एक खोली, एक ढकलगाडी, लाल डगले अकरा आणि माणसे दहा. अकरावे माणूस गुलाबराव, मोठा कर्णा फुंकणारे, ते चैत्रात महामारीत खर्ची पडले. गादीवर शेवंताबाई खुडे होत्या. सासरे थकले तेव्हा बाजा त्यांचे हाती आला. पती हणमंतराव मोठा ढोल वाजवीत आणि राजकारणात पडत नसत. बाई तोंडात शिटी धरून मिरवणुकीपुढे चालत, आणि ती शिटी त्यांचे हाती प्रथम दिली ती सटवाजी तात्यांनी. तात्या म्हणजे बाईंचे चुलत सासरे, वय एकाहत्तर, क्लॅरिनेटचे धनी. "बाईमाणूस बाजापुढं चालंल व्हय?" म्हणोन भावकी उसळली असता तात्या एकटेच म्हणाले होते, "चालंल. तिचा ताल तुमच्या सगळ्यांपरीस पक्का हाय." हे उपकार बाईंच्या मनात खोल होते.

मग श्रावण शुद्ध तृतीयेस बाईंनी खोली उघडली, डगल्यांस ऊन दाखविले आणि सर्व मंडळींस बसवून फर्माविले, "ऐका. फुंकणाराला मास्क लावता येत न्हाई. आपला वारा नवरदेवाच्या तोंडावर, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडावर जातो. तवा दोन सुया झाल्या आणि वर चौदा दिवस गेले, त्यानंच डगला घालायचा. गुलाबरावांनंतर मला दुसरा डगला रिकामा बघायचा न्हाई." लहान कर्णा फुंकणारे युनूसभाई प्रथम उठले आणि म्हणाले, "कबूल! माझी दुसरी परवाच आहे." आणि एकेकाने कबुली दिली, तात्या मात्र क्लॅरिनेट पुसत बसले. त्यांची पहिलीही झाली नव्हती.

त्याच हप्त्यात मेघराज शेळके, पेठेतले भांड्याचे व्यापारी, सुपारी घेऊन आले. कन्येचे लग्न मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस. बाईंनी बोटांवर हिशेब मांडला. दोन सुयांमध्ये चौऱ्याऐंशी दिवस, वर चौदा; म्हणजे गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांनी पहिली सुई घेतली तर लग्न साधते, एक दिवस चुकला तर हुकते. त्यांनी शेळक्यांस नियम सांगितला. शेळके म्हणाले, "अहो, नियम बाकीच्यांना लावा. तात्यांची क्लॅरिनेट नसंल तर मला बाजाच नको. माझ्या लग्नात त्यांनीच वाजवलंय." बाई म्हणाल्या, "मग तुमच्या आईंना मांडवात बसवू नका. ऐंशीच्या हायती त्या." शेळक्यांनी सुपारी ठेविली आणि "तात्यांसकट या" म्हणोन गेले.

मग तात्यांची मनधरणी सुरू जाहली. प्रथम ते म्हणाले की सुईने दम बसतो. युनूसभाईंनी आपली दुसरी सुई घेऊन तिसरे दिवशी त्यांचे अंगणात कर्णा असा फुंकला की कौलांवरची कबुतरे उडाली. मग तात्या म्हणाले की श्रावणी सोमवार आहे, मग म्हणाले रक्तदाब आहे, मग म्हणाले गुडघा दुखतो. बाईंनी विचारिले, "गुडघ्याचा आणि दंडाचा काय संबंध, तात्या?" त्यावर तात्यांचा पारा चढला आणि ते बोलिले, "पन्नास वर्सं या बाजाला श्वास दिला, आता मला दाराबाहेर उभा करतीस? ठेव तुझा डगला!" आणि उठोन आत गेले. बाई रस्त्याने डोळे पुशीत घरी आल्या. हणमंतराव प्रथमच राजकारणात पडले आणि हळूच म्हणाले, "एका माणसासाठी सोड की नियम." बाई म्हणाल्या, "एकासाठी सोडला तर तो नियम राहत न्हाई. आणि त्या एकालाच काय झालं तर मी कुणाकडं बघू?" हणमंतराव ढोलाच्या दोऱ्या आवळू लागले.

गोपाळकाल्याचे दिवशी बाई पुन्हा तात्यांचे घरी गेल्या, तो ते देवळात गेलेले. अनसूयाकाकूंनी बाईंस चुलीपाशी ओढोन घेतले आणि पदराआड हसू दाबीत सांगितले, "अगं, दम न्हाई आणि गुडघा न्हाई. त्यांना सुईचं भ्या वाटतं! नातवाला गोवराची लस टोचायला नेलं, तर पोरगं हसत बाहेर आलं आणि हे दारात भोवळ येऊन पडलेले. कुणाला सांगशील तर माझं नाव काढू नको." बाईंचे छातीवरचा धोंडा उतरला. हत्तीपुढे, घोड्यांपुढे, फटाक्यांच्या माळांत ज्याचा सूर हलला नाही, तो पुरुष बोटभर सुईस भितो! त्यांस हसू आले आणि माया दाटून आली, आणि ही गोष्ट मंडळींत न्यावयाची नाही असा त्यांनी निश्चय केला.

दुसरे दिवशी सकाळीच बाई तात्यांचे दारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तात्या, रागावा, पण एक काम करा. आज माझी दुसरी सुई हाय. पहिलीच्या वेळी लई भ्याले होते मी. ह्यांना सांगितलं तर हसतील. तुम्ही नुसते शेजारी बसा." तात्यांनी क्षणभर पाहिले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल. मी असताना भ्यायचं न्हाई." मग दोघे दवाखान्यास गेले, दोघांची चिठ्ठी बाईंनी गुपचूप काढली, आणि सिस्टर लीना भालेकर यांनी बाईंच्या दंडात सुई दिली, ती बाईंनी डोळे गच्च मिटून, ओठ चावून, मोठे सोंग करून घेतली. तात्या म्हणाले, "झालं, झालं, एवढंसंच असतं." सिस्टर म्हणाल्या, "आता तुम्ही, आजोबा." तात्यांचे तोंड पांढरेफटक पडले. बाईंनी आपला हात पुढे केला आणि हळू म्हणाल्या, "वरातीची चाल म्हणा, तात्या. मी ताल धरते." तात्यांनी तो हात असा आवळला की दोन बांगड्या फुटल्या, आणि मास्कच्या आतून ते चाल गुणगुणू लागले, आणि कडव्याच्या वळणावर येऊन विचारते जाहले, "कधी टोचणार?" सिस्टर म्हणाल्या, "टोचून झालं की!"

मग अर्धा तास बाकड्यावर बसविले. तात्या म्हणाले, "सूनबाई, तू भ्याली नव्हतीस." "न्हाई, तात्या." "म्हातारीनं सांगितलं?" बाई मनगटावरच्या उरल्या बांगड्या मोजू लागल्या. तात्यांनी मांडीवर थाप मारली आणि जे हसू लागले, त्यात बाईही हसू लागल्या, इतक्या की सिस्टरांनी बाहेर येऊन पाहिले की सुईने हे काय केले. दुसरी सुई कार्तिकात तात्या एकटे जाऊन घेऊन आले आणि येताना जिलबी आणली.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस दहा डगले रस्त्यावर निघाले. बाईंनी शिटी दिली. तात्यांनी क्लॅरिनेट ओठास लाविली, पहिला सूर फाटला. मग तात्यांनी ओठ ओले केले आणि सूर असा उभा राहिला की गच्च्यांवर माणसे आली, दुकानदार बाहेर आले, शेळक्यांच्या आईंनी गाडीतून उतरण्याचा हट्ट धरिला आणि काठी सुनेच्या हाती देऊन दोन्ही हात वर केले. युनूसभाईंचे गाल फुगोन लाल जाहले, हणमंतराव ढोलासकट गिरकी घेते जाहले. दहा मिनिटांच्या वाटेस दीड तास लागला. भटजी मांडवातून ओरडू लागले, "मुहूर्त टळतोय!" शेळके नाचता नाचताच ओरडले, "टळू द्या!"

येणेप्रमाणे दौलत पुन्हा उभी राहिली. नियम मोडला नाही, माणूस तुटले नाही, आणि नवरानवरीस दुसऱ्या मुहूर्ताच्या अक्षता पडल्या. संसार उत्तम चालला आहे. इति.