फळीचा उतार

भिंतीवर नुकत्याच बसवलेल्या नव्या फळीसमोर सासूबाई, लेक आणि जावईबापू उभे होते. जावईबापूंच्या हातातले ड्रिल मशीन अजून गरम होते. भूमिती शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या सासूबाई सवयीने उजवा डोळा मिटून फळी न्याहाळत होत्या.

"मधे लाट आलीय," अखेर त्या म्हणाल्या. "आणि उजवीकडे उतार."

"आई, लाकूड आहे ते. लाट कुठून येणार?" जावईबापू म्हणाले.

लेकीला मात्र ती लाट खटकली. दुसऱ्याच दिवशी तिने आईला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरीणबाईंनी चौकटीचौकटींचा कागद समोर धरला. डाव्या डोळ्याला त्यातल्याही रेघा लाटांसारख्या दिसल्या. डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, नाजूक आणि पाझरणाऱ्या.

"वेळेत आलात, नाहीतर या डोळ्याने वाचणं संपलं असतं. या वाहिन्यांना वाढवणारं एक रसायन असतं. इंजेक्शनातली प्रतिपिंडं त्यालाच धरून ठेवतात."

"इंजेक्शन कुठे?"

"डोळ्यात. भूल देऊ. कळणारही नाही."

"तुम्ही घेतलंय कधी?"

डॉक्टरीणबाई कागद आवरू लागल्या.

"म्हणजे फळी सरळच होती," जावईबापूंनी घरी निकाल दिला. मग त्या आजाराच्या आडोशाने त्यांच्या कलेला बहर आला. दर महिन्याला सासूबाईंच्या डोळ्यात सुई गेली, घरच्या भिंतीत खिळा. आरसा लागला, पडद्याची दांडी लागली. कोणी मान तिरकी केली, तर ते हळूच विचारत, "तुमचेही डोळे दाखवून घ्यायचे का?" सासूबाई लगेच मान सरळ करून घेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा तपासलेल्या त्या बाईंचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास उडाला होता.

आणि एका सकाळी दवाखान्यात तो चौकटींचा कागद शांत झाला. "सगळ्या सरळ," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा म्हणाल्या, केवळ ऐकण्याच्या सुखासाठी.

घरी येताच त्या फळीसमोर उभ्या राहिल्या. उजवा डोळा मिटला.

"लाट गेली."

"मी म्हटलं नव्हतं?"

सासूबाईंनी डोळ्यांच्या थेंबांची बाटली फळीच्या डाव्या टोकाला आडवी ठेवली. ती क्षणभर घुटमळली, मग निघाली, वेग घेत गेली आणि उजव्या टोकावरून थेट जावईबापूंच्या ओंजळीत पडली.

"डोळा बरा झाला, जावईबापू. आता या फळीला कुठलं इंजेक्शन द्यायचं?"

जावईबापूंनी बाटली त्यांच्या हातात ठेवली आणि ते ड्रिल मशीन आणायला आत निघून गेले.