घराबाहेर बोलायच्या गोष्टी

नाना कर्णिकांना 'नाही' म्हणायचं असलं, की ते चपला घालून अंगणात जातात. एकदा मी विचारलं, "नाना, दूध आहे ना चहाला?" नाना उठले, दार उघडून हिरवळीवर गेले, तिथून ओरडले, "संपलंय!" आणि आत येऊन शांतपणे बसले.

"वास्तू तथास्तु म्हणत असते," नाना सांगतात. "घरात अभद्र बोलायचं नाही."

आता ही वास्तू ऐका. कुणा गोऱ्या साहेबानं आपल्या विलायतेतल्या गावाच्या आठवणीनं सिंगापुरात बांधलेली. काळ्या तुळयांची चौकट, मध्ये पांढरा गिलावा. सांध्यांत खिळा औषधालाही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. जुरोंग आयलंडला आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. मी हौगांगला बाराव्या मजल्यावर सुखानं राहतो. नाना निवृत्तीनंतरही हट्टानं इथंच, भाड्यानं.

भर दुपारी, वारा नसताना, रिकाम्या माडीवर पावलं वाजतात. जिन्याची एकेक पायरी करकरत खाली येते. शेवटच्या पायरीशी थांबते. माझा कप ओठांशी थांबतो.

"लाकूड आहे हो. तापतं, आखडतं," नाना म्हणतात. मग हळूच, "हे इंजिनिअर म्हणून सांगितलं."

"पण नाना, घर इंग्रजी. त्याला मराठी कळतं?"

"वीस वर्षं आमचं ऐकतंय. ढ असतं तरी शिकलं असतं!"

गेल्या महिन्यात नानांनी बायकोला, सुमनकाकींना, हॉस्पिटलमधून घरी आणलं. मी भेटायला गेलो. काकी खालच्या खोलीत भिंतीशी निजल्या होत्या. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. नानांनी चपला घातल्या, बाहेर गेले आणि दार घट्ट लावून घेतलं.

खोलीत तुळई कडकन वाजली. आणि भिंतीतून, अगदी माझ्या कानाशी, नानांचा आवाज आला, "हाऊ मेनी मंथ्स, डॉक्टर?... ओन्ली?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. काकी मात्र हसल्या.

"लाकूड आखडून गिलाव्याशी फट पडलीय. मला सगळं ऐकू येतं, पहिल्या दिवसापासून." त्यांनी माझा हात धरला. "ह्यांना सांगू नका हं. घरात कुणाला कळलेलं नाही, एवढाच त्यांना आधार आहे."

दार उघडलं. नानांचे डोळे लाल, आवाज खणखणीत.

"अगं, डॉक्टर एकदम खूश! दिवाळीच्या चकल्या तूच पाडणार!"

"मग भाजणी मागवून ठेवा," काकी म्हणाल्या. "थोडी जास्तच."